आतून लावलेली कडी

दाराच्या आतल्या बाजूला, कडी लोंबकळून जिथं घासायची तिथला रंग उडाला होता. बोटभर लांबीची कोर, मधे जाड, दोन्ही टोकांना निमुळती. फौजदारानं तिच्यावरून अंगठा फिरवला आणि मागं न बघता विचारलं, "त्या दिवशी सकाळी ही कडी लावलेली होती. नक्की?"

"होय. मीच काढली," मुलगा म्हणाला.

त्याची म्हातारी आई शिलाई मशीनपाशी बसून ऐकत होती. सून नाहीशी झाल्यापासून मुलगा हेच उत्तर देत होता आणि त्यात खोटं काही नव्हतं. जिन्यात पाय घसरला, कपाटाचं दार लागलं, असं बायकोबद्दल तो आजवर जे जे सांगत आला, ते लोकांनी मान हलवून ऐकून घेतलं होतं. आता तो खरं बोलत होता आणि कुणाला पटत नव्हतं.

"दार एकच. खिडक्यांना गज. कडी आतून. मग बायको गेली कुठून, भिंतीतून?" कालपर्यंत 'तुम्ही' म्हणणारा फौजदार आज 'तू'वर आला होता. "तिचा फोनसुद्धा इथंच. तूच सांग, मी काय समजायचं?"

"मी काही केलं असतं, तर तक्रार द्यायला स्वतः आलो असतो का?"

"बरेच येतात."

जिन्यातून खालच्या मजल्यावरच्या बाईचा आवाज आला. "अहो साहेब, गच्चीतल्या टाकीत काही सापडलं नसेल तर पाणी तरी सोडा. भांडी तशीच पडलीत." कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

कडी म्हातारीनं लावली होती. त्या दिवशी उजाडायच्या आधी सून चपला हातात घेऊन जिना उतरली. तिची चाहूल पुरती विरली, तेव्हा म्हातारीनं दार ओढून घेतलं, गुडघ्यानं किंचित उचललं आणि कडी कोयंड्यात सरकवली. कुणी बाहेर गेलं की कडी लावायची, ही जन्माची सवय. जीव खालच्या रस्त्याकडे लागला होता, हातांनी आपलं काम उरकलं. संध्याकाळी म्हातारीचा फोन दोनदा वाजून बंद झाला. तसंच ठरलं होतं. सून पोचली होती.

सांगून टाकावं असं तिच्या रोज ओठांवर यायचं. पण गेली म्हटलं की कुठं गेली हे आलंच. आणि आणखीही एक होतं. फौजदार पहिल्यांदा दारात दिसला आणि मुलानं चहाचा कप तसाच खाली ठेवला, तेव्हा तिला आतून बरं वाटलं होतं. पोटचं पोर घाबरलेलं बघून बरं वाटलं होतं. त्या दिवसापासून ती त्याच्यासमोर जेवायला बसत नव्हती.

शिपाई बाई सुनेचे कपडे हातावर घेऊन आतल्या खोलीतून आली. "मावशी, शिवण तुमचीच ना ही? सगळ्या बाह्या लांब केल्यात. कोपरापासून मनगटापर्यंत जोड. उन्हाळ्याच्या कपड्यांनासुद्धा."

"तिला थंडी फार वाजते."

शिपाई बाईनं शिवण नखानं चाचपली. "हात सुबक आहे तुमचा. जोड कळतसुद्धा नाही."

म्हातारीनं मान खाली घातली. कळू नये म्हणूनच तर दर वेळी रंगाला रंग जुळवून दोरा घेतला होता. पहिल्यांदा सुनेनं मागितलं होतं. पुढं पुढं म्हातारी न सांगताच करून द्यायला लागली.

"चप्पल घाल," फौजदार मुलाला म्हणाला. "बाकीचं चौकीवर बोलू."

चप्पल सरकवताना मुलाचा तोल गेला. त्यानं भिंतीला हात टेकला आणि आईकडे पाहिलं.

म्हातारी उठली. "कडी मी लावली."

"काय?"

"ती बाहेर पडल्यावर मी लावली. ती जिवंत आहे. मीच तिला जा म्हटलं."

फौजदार दमल्यासारखा हसला. "आजी, पोरावर आलं की सगळ्या आया असंच काहीतरी सांगतात."

ती दारापाशी गेली. दार ओढून तिनं गुडघा लावला, किंचित उचललं आणि कडी बसवली. कसलाही आवाज झाला नाही.

"हा लावतो तेव्हा खालच्या घरात ऐकू जातं. त्या बाईंना विचारा, त्या दिवशी पहाटे काही ऐकलं का."

फौजदारानं कडीकडे पाहिलं, मग म्हातारीच्या गुडघ्याकडे. त्याचं हसू गेलं होतं.

मुलाचे खांदे सैल पडले. त्यानं तोंडावरून हात फिरवला. हात खाली आला तेव्हा चेहरा बदलला होता.

"कुठं आहे ती?"

आवाज खालचा होता, शांत होता. म्हातारी हा आवाज ओळखत होती. भिंतीपलीकडून आधी हा यायचा आणि मग बाकीचे.

"आई, पत्ता सांग. मी जाऊन घेऊन येतो तिला."

कपड्यांचा ढीग शिपाई बाईनं मशीनवर ठेवला होता. म्हातारीनं वरचा कपडा उचलला, बाही उलटी केली आणि जोड उजेडात धरला.

"पत्ता मी या शिपाई बाईंना सांगेन, हा इथं नसताना," ती फौजदाराला म्हणाली. "त्याआधी या बाह्या मी कशासाठी लांब केल्या, ते लिहून घ्या."