चार वाजताची नोंद

तिने हात दोनदा धुतले होते, तरी बोटांचा वास जात नव्हता. वृद्धाश्रमाच्या अधीक्षिकाबाईंच्या टेबलावर लॅपटॉप उघडताना ती तोंडाने श्वास घेत होती.

अर्ध्या तासापूर्वी तिने बाबांना कुशीवर वळवलं होतं. माकडहाडापाशी वाटीच्या तोंडाएवढी जखम. कडा काळ्या, मध्ये पिवळं, आणि त्यात चादर चिकटलेली. बाबा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "बघू नकोस. तुझं जेवण व्हायचंय अजून." शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांच्या सुनेने सकाळी फोन केला नसता, तर तिला हे कळलंही नसतं.

अधीक्षिकाबाई शांत होत्या. या वयात कातडी कागदासारखी होते, एका रात्रीत फाटते, असं त्यांचं म्हणणं. शिवाय दर दोन तासांनी कूस बदलल्याची, पाठ पुसल्याची रोजची नोंद होती आणि ती दुपारी चारच्या ठोक्याला घरच्यांना मेलने जात होती. एवढं कुठला वृद्धाश्रम करतो, हेही त्यांनी विचारून घेतलं.

"मग नोंदीच बघू या," ती म्हणाली.

तिचा हातखंडा होता तो. विमा कंपनीत ती दिवसभर हेच करायची: एकच डॉक्टरी अहवाल नाव बदलून दहा दाव्यांना जोडलाय का, ते हुडकायचं. हजारो फायली वाचत बसायला वेळ कुणाला? त्यासाठी एक प्रोग्राम होता. तो प्रत्येक फाईलची दोन ओळींची एक सही तयार करायचा, नुसत्या अक्षरांची आणि आकड्यांची. फायलीत थोडा बदल केला की सहीही थोडीच बदलायची. दोन सह्या शेजारी ठेवल्या की शून्य ते शंभरमधला एक आकडा मिळायचा. शंभर म्हणजे जशीच्या तशी नक्कल. वृद्धाश्रमाशी झालेला सगळा पत्रव्यवहार एका फोल्डरमध्ये होता. तिने तो अख्खा उचलून प्रोग्रामला दिला.

पहिला गट लगेच आला. दोनशे चौदा नोंदी, साम्य अठ्ठ्याण्णव.

"दोन टक्के म्हणजे तारीख," ती म्हणाली. "बाकी पहिल्या दिवसापासून एकच मजकूर. कूस बदलली, पाठ पुसली. आजोबा आनंदात. खिडकीपाशी बसून पेपर वाचला. पाठ कोरडी, स्वच्छ."

अधीक्षिकाबाई हसल्या. "अहो ताई, आजोबा रोज तेच करतात. आम्ही काय रोज कादंबरी लिहायची?"

तिने यादी खाली सरकवली आणि एका तारखेवर बोट ठेवलं. चौथ्या महिन्यात गच्चीच्या दुरुस्तीसाठी वरचा मजला रिकामा केला होता. बाबा अठरा दिवस तिच्या घरी होते, हॉलमधल्या दिवाणावर. त्या अठरा दिवसांच्याही नोंदी होत्या. अठराही दिवस बाबांनी इथे खिडकीपाशी बसून पेपर वाचला होता. अठराही दिवस इथे त्यांची पाठ पुसली गेली होती.

जखमेपेक्षा हे घाण होतं. कुणीतरी रोज चार वाजता चहाचा कप बाजूला ठेवून, कालची फाईल उघडून, तेवढी तारीख बदलत होतं. ही यादी उद्या तक्रारीला जोडणार, असं तिने आवाज न चढवता सांगितलं. यातून सुटून दाखवा, एवढंच म्हणायचं तिने बाकी ठेवलं.

अधीक्षिकाबाईंचं हसू गेलं होतं. त्यांनी पडद्यावरच्या अठरा तारखा बोटाने मोजल्या. मग त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

"ताई, आजोबा तुमच्या घरी होते. नोंद तुमच्याच मेलवर येत होती. मग तेव्हाच का नाही बोललात?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पडद्यावर दुसरा गट आला.

एकशे त्र्याऐंशी फायली. साम्य शंभर.

ती तिची स्वतःची, नोंदींना गेलेली उत्तरं होती. फोल्डरमध्ये तीही होती, हे तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. पहिल्या महिन्यातली एकतीस तेवढी कुठल्याच गटात बसत नव्हती, ती खाली सुटी पडली होती. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. रात्री पायावरचं पांघरूण सरकतं, कुणीतरी बघत जा. चष्मा काढल्याशिवाय झोपतात. त्यानंतर ऑफिसात वर्षअखेरीची घाई सुरू झाली आणि एका दुपारी तिने मेलला सांगून ठेवलं की नोंद आली की एकच ठरलेलं उत्तर आपोआप पाठवायचं. चार-पाच दिवसांपुरतं.

तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

"ते काय आलं?" अधीक्षिकाबाईंनी विचारलं.

"काही नाही. दुसऱ्या फायली आहेत."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. लॅपटॉप किणकिणला. आजची नोंद आली होती. कूस बदलली, पाठ पुसली. आजोबा आनंदात. खिडकीपाशी बसून पेपर वाचला. पाठ कोरडी, स्वच्छ.

तिचे दोन्ही हात मांडीवर होते. तरीही क्षणभराने टेबलाच्या पलीकडे, अधीक्षिकाबाईंच्या संगणकावर तसाच आवाज झाला. बाईंनी चष्मा लावला, मेल उघडली आणि मोठ्याने, संथपणे वाचली.

"छान वाटलं वाचून. बाबांना म्हणावं, रविवारी येते."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सांगू का त्यांना?"