टोपलीवाल्या बाईपाशी

"अडकली!" दातांचे डॉक्टर खुर्चीतून ताडकन उठले. "बंद करा, पट्टी जळेल!"

"हात लावू नका," घड्याळजी म्हणाला. "माझ्या मशीनचा दिवा मंद आहे. आपोआप सुटेल."

दांडा तो फिरवतच होता. खरखर चालू होती, पण भिंतीवरच्या चादरीवर चित्र जागचं हलत नव्हतं. बाजारातली गर्दी, आणि गर्दीच्या कडेला काखेत टोपली घेतलेली एक बाई. नटी नव्हे. चित्रण चाललेलं असताना आपल्या कामाला निघालेली, चुकून मध्ये आलेली कुणीतरी. एक पाय उचललेला, तसाच अधांतरी.

मग मशीनमध्ये खट् झालं. बाईचा पाय जमिनीला लागला, टोपली हलली, आणि दोन पावलांत ती चादरीबाहेर निघून गेली.

डॉक्टर उभेच राहिले. घड्याळजीने दिवा बंद केला आणि खिडकीचा पडदा सरकवला. दुपारचं ऊन खोलीत आलं.

मूकपटाचं ते रीळ घरी बघायच्या बारक्या पट्टीचं होतं. असल्या रिळांत फिल्म वाचवायला संवाद लिहिलेल्या पाटीची दोन-तीनच चित्रं ठेवतात आणि तिथे पट्टीच्या कडेला नखाएवढी खाच पाडतात. खाच आली की दांडा फिरत राहिला तरी चित्र थांबतं, पाटी वाचून होईपर्यंत. हे डॉक्टरांना नवीन नव्हतं. पण खाच पाटीपाशी असते. इथे पाटी कुठे होती?

त्यांनी भिंगातून पट्टी पाहिली. "ही कारखान्यातली नाही. हाताने पाडलीय. कुणी?"

घड्याळजीने रिळाकडे पाहिलं. रिळांच्या अदलाबदलीआधी रीळ समोरच्याला पूर्ण दाखवायचं, हा त्या दोघा संग्राहकांतला नियम. पण बायको गेल्यापासून, दोन वर्षांत, हे रीळ त्याने लावलंच नव्हतं, आणि या खाचेचा त्याला साफ विसर पडला होता. विसरलो कसा, हेच त्याला कळेना.

"आमच्या हिने," तो म्हणाला. "माझ्याच कानशीने."

"वहिनींनी? कशासाठी?"

"म्हणाली, पाट्या थांबतात, मग माणसं का नाही? ही बिचारी एवढी लगबगीने जाते, तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? चार दिवस बोललो नाही तिच्याशी. प्रत खराब केली म्हणून."

डॉक्टर मोठ्याने हसले. टेबलावर त्यांनी बदल्यात द्यायला आणलेले तीन चपटे डबे होते. दीपगृहाच्या गोष्टीचा मूकपट, तिन्ही भाग, एकही तुकडा न गळलेला. त्याच्यासाठी घड्याळजी वीस वर्षं त्यांना पत्रं लिहीत होता.

"काळजी करू नका," डॉक्टर म्हणाले. "बारीकसा तुकडा बसवला की खाच भरून जाईल. कळणारही नाही. माझा रोजचाच धंदा आहे."

घड्याळजीने मशीनवरचं रीळ काढायला घेतलं. "मग नको. तुमचे डबे घेऊन जा."

"अहो, वीस वर्षं माझा जीव खाल्लात या डब्यांसाठी!"

"खाल्ला खरा."

डॉक्टरांनी डब्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "काढू नका ते. मागे फिरवा आणि पुन्हा लावा. दांडा मी फिरवतो. तुम्ही बसा जरा."

घड्याळजीने पडदा ओढला आणि डॉक्टर उठले होते त्या खुर्चीत बसला. ती त्याच्या बायकोची खुर्ची. तिच्यात बसून त्याने आजवर एकही चित्र पाहिलं नव्हतं. दांडा फिरवणाऱ्याची नजर पट्टीवर असते, चादरीवर जाते ती उडत उडत.

बाजार आला. गर्दी आली. बाई आली आणि थांबली.

डॉक्टरांचा हात फिरत होता. घड्याळजी बघत होता. बाईच्या पदराला ठिगळ होतं, नीट बारीक टाके घातलेलं. तोंड किंचित उघडं होतं. चादरीबाहेरच्या कुणाला तरी ती हाक मारत होती, आणि हसत होती. दिवा थरथरत होता, त्यामुळे तिचा गळा हलल्यासारखा वाटत होता. तिला जाऊन किती वर्षं झाली असतील, कोण जाणे. तिचं नावही कुणी लिहून ठेवलं नव्हतं. तरी ती इथे उभी होती, चार हातांवर, आणि तिचं हसणं अजून पुरं व्हायचं होतं.

खरखर थांबली. डॉक्टरांनी दांडा धरून ठेवला होता.

"का हो?" घड्याळजीने मान न वळवता विचारलं.

"दांडा पुढे फिरवावासा वाटेना."

डॉक्टरही चादरीकडे बघत होते.

"जन्मभर भोकं भरत आलोय मी," डॉक्टर हळूच म्हणाले. "ही एक खाच राहू दे. डबे ठेवून घ्या, आणि हे रीळ मला द्या. आमच्याकडेही थांबेल ना ही?"

"तुमच्याकडे थांबेल. तुमच्यानंतर ज्याच्याकडे जाईल, त्याच्याकडेही थांबेल," घड्याळजी म्हणाला. स्वतःचेच शब्द त्याने नीट ऐकले. "कुणी थांबवलं ते त्याला कळणार नाही, एवढंच."

"मग? फिरवू दांडा?"

घड्याळजीने एकदा पुरतं बघून घेतलं. ठिगळ, टोपली, उघडे ओठ, तो उचललेला पाय.

"फिरवा," तो म्हणाला. "पाय अवघडला असेल तिचा."