डब्याचं झाकण

“असू द्या नाकाला रुमाल, पहिल्यांदा सगळेच धरतात,” गजराबाई म्हणाल्या. वीस वर्षं त्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात बाबांच्या मदतनीस होत्या. बाबा गेल्यावर मी त्यांचा डबा आणि चष्मा न्यायला आले होते. ते असताना एकदाही आले नव्हते. “एकदा ये, ज्योत दाखवतो,” ते म्हणायचे. “आधी अंघोळ करा,” मी म्हणायचे.

खिडकीत हिरव्या पाण्याच्या बरण्या होत्या. शेवाळ आणि जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात, हायड्रोजन सोडतात, एवढं ऐकून ऐकून मला पाठ होतं. बाईंनी एका बरणीच्या नळीशी काडी धरली.

“पेटली.”

“कुठे? मला काहीच दिसत नाही.”

“उजेडात नाही दिसत ती. साहेबांच्या डब्याचं झाकण धरा वर.”

गार झाकण धूसर झालं, मग त्यावर बारीक थेंब जमले. “जळून पाणीच होतं त्या वायूचं,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला सुट्टी असते म्हणून साहेब दर रविवारी एक बरणी तयार ठेवायचे.”

मी नाकावरचा रुमाल काढला. एक थेंब बोटावर घेऊन हुंगला. त्याला कसलाच वास नव्हता.