मापाचा पट्टा

“यातली ही गोळी बंद कुणी केली?” डॉक्टरांनी बाबांच्या औषधांची पिशवी परत देत मला विचारलं. पलीकडे बाकावर आई मांडीवर प्रेशरचं मशीन घेऊन बसली होती. दंडाला गुंडाळायचा त्याचा पट्टा फाटला, तेव्हा तिनेच नवा शिवला होता. शिवणकामात जन्म गेलेली बाई. बाबांचं प्रेशरही ती रोज गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं घ्यायची. आकडा उतरला, की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. प्रेशर आधीच कमी, त्यात प्रेशरची गोळी कशाला, म्हणून तिने ती थांबवली होती. बाबांना जरा तरतरी आली आणि तिला आभाळ ठेंगणं झालं. मी सांगितलं. डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “ती हाताच्या प्रेशरसाठी नव्हती. लिव्हर कडक झालं, की पोटातल्या शिरांत रक्त तुंबतं. तो दाब दंडावर दिसत नाही, आणि ही गोळी तोच आवरून धरत होती. आता अन्ननलिकेतली शीर फुटलीय. रक्त थांबत नाहीये.” ते आत धावले. आई लगबगीने आली. “काय म्हणाले रे? बरं झालं ना, मी गोळी थांबवली? नाहीतर प्रेशर आणखी पडलं असतं.” “हो, आई.” मी म्हणालो. तिने मशीनचा पट्टा सोडवून माझ्या हातात कोंबला. “मग हा आत दे. यांचा दंड आता काडीसारखा झालाय, इथला पट्टा सैल बसेल. हा मी यांच्या मापाचा शिवलाय.”