भिंतीकडची रांग

“उपाशी जिवाला भिंतीशी बांधू नये गं. घास मिळाला नाही, तर तो भिंत खातो.”

आई गोठ्यात म्हणाली होती हे, चाळीस वर्षांपूर्वी, वासराचं पांढरं झालेलं तोंड फडक्यानं पुसता पुसता. प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणाऱ्या मावशीच्या कानात तो आवाज आज सकाळपासून घुमत होता. सकाळी पिंजऱ्यांच्या खोलीत बारा उंदीर होते, एक पंखा होता आणि ती होती.

आता दुपार झाली होती. उंदीर उरले नव्हते. प्रयोगशाळेच्या टेबलावर उरल्या होत्या बारा नळ्या, त्यांच्या पोटातल्या रसाच्या. चोवीस तास उपाशी ठेवायचं, मग पोटाचं आतड्याकडचं तोंड दोऱ्यानं बांधायचं, मग चार तास वाट पाहायची. सहांना औषध दिलेलं, सहांना नुसतं पाणी. रसात रंग दाखवणारा दर्शक घालायचा आणि सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायचं. गुलाबी व्हायला जितके थेंब लागतील, तितकं त्या पोटात आम्ल.

पाणी दिलेल्यांना चाळीस-चाळीस थेंब लागले. औषध दिलेल्यांना तीन. चार. पुन्हा तीन.

“तीन!” सरांनी टेबलावर थाप मारली. “विझली की आग!”

“सर, याच सहा नळ्यांच्या तळाशी पांढरा गाळ बसलाय,” तंत्रज्ञबाई म्हणाल्या.

“औषधाचा असेल.”

“औषध पिवळं आहे.”

“बाई, तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही का? वरचा रस घेतलात ना? मग गाळ फेका आणि आकडे लिहा.”

बाईंनी ओठ आवळले आणि लिहिलं. त्या सहा नळ्या मावशीपुढे मोरीत आल्या. तिनं एक नळी तिरपी धरली. गाळ हळूच सरकला. तिनं पाहिलं आणि पोटात ठेवलं, सकाळसारखंच.

“मावशी, तुमच्या उंदरांनी नाव काढलं हो!” सर आज खुशीत होते. “हा शेवटचा प्रयोग. अहवाल आज गेला की पुढची पाळी वॉर्डातल्या माणसांची. तुमच्या जावयाचं नाव या वहीतल्या यादीत पहिलं घातलंय. आपला माणूस म्हणून.”

जावयाच्या पोटात जखम होती. गेल्या वर्षी त्यानं रक्त ओकलं, तेव्हा लेकीनं खाली दोन्ही हातांची ओंजळ धरली होती. जसं काही ते परत आत घालता येणार होतं.

“आणि त्याच्या आत्ताच्या गोळ्या, सर?”

“त्या बंद. नाहीतर गुण कशाचा, कळणार कसं?”

“त्या गोळ्यांवर तर उभा आहे तो.”

“मावशी, मागेच सांगितलंय ना? इथं डोळे आमचे, हात तुमचे. नळ्या धुवा.”

मावशीचं पित्त खवळलं. इतकी वर्षं गिळलेलं सगळं गळ्याशी आलं, आंबट, कढत. तिनं नळ बंद केला. हात पुसले नाहीत. तशीच पिंजऱ्यांच्या खोलीत गेली आणि मूठ मिटून परत आली.

पाणी दिलेल्या एका उंदराचा रस टेबलावर शिल्लक होता. तिनं मूठ त्यावर उघडली. रस फसफसला.

“मावशी! काय करताय?”

“बाई, टाका थेंब.”

बाईंनी सरांकडे पाहिलं नाही. दर्शक घातला, एक थेंब टाकला. नळी गुलाबी झाली.



“चुना आहे,” मावशी म्हणाली. “मागच्या आठवड्यात भिंतीला दिलेला. औषधवाल्या पिंजऱ्यांची रांग होती ना, तिच्यामागची भिंत या बघायला. पिंजऱ्याच्या उंचीएवढी खरवडलीय. जाळीतून दात घालून घालून खाल्लीय भुकेल्यांनी. पाण्याची रांग मधल्या टेबलावर होती, तिला भिंत नाही मिळाली. तुमच्या औषधानं काय केलं ते देव जाणे. आग विझवली ती यानं.”

“म्हणजे उंदरांनी आपल्याला चुना लावला,” बाई पुटपुटल्या.

सरांचा चेहरा लाल झाला होता. “ती रांग तिथं ठेवली कुणी? बाई, तुम्ही?”

“मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही, सर.”

“मग कुणी? दोन वर्षं! दोन वर्षांची मेहनत! ज्यानं हे केलंय त्याला उद्या या दारात उभं करणार नाही, सांगून ठेवतो. बाई, तुमचीच जबाबदारी होती ती!”

मावशी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिच्या नखांत अजून पांढरं होतं.

“ओरडायचं तर माझ्यावर ओरडा. मी लावली रांग भिंतीला. पंख्याचं वारं अंगावर येत होतं त्यांच्या.”

तिनं श्वास घेतला.

“आणि सकाळी त्यांच्या मिशा पांढऱ्या होत्या. मी पाहिलं. तुम्ही ओरडाल म्हणून ओल्या फडक्यानं एकेकाचं तोंड पुसलं आणि मग तुमच्या हातात दिले.”

तिनं यादीची वही सरांपुढे सरकवली. पानावर तिची ओली बोटं उमटली.

“आधी जावयाचं नाव खोडा. माझं मागाहून.”