दिवा नसलेली डबी

“अहो, थांबा! ती वायर नको!” जिनेटने ऑर्विलचं मनगटच धरलं. “या डबीला अठरा व्होल्ट लागतात, आणि अधिक-उणेही उलटं आहे. ती खुपसलीत तर धूर निघेल. माझी घ्या.”

ऑर्विल ओशाळला. पंचावन्न वर्षांचा माणूस, थंडर बे गावातल्या कागद कारखान्यात पाळीवर जायचा आणि शनिवारी लग्नसमारंभांत बेस गिटार वाजवायचा. पायाने दाबायच्या या पेडलांचा त्याला भारी नाद. गिटारीचा आवाज आधी पेडलांतून जाणार, मग बाहेर येणार. त्यांच्याशिवाय तो एक सूरसुद्धा वाजवायचा नाही. आजवर साठेक तरी घेतली असतील. प्रत्येक वेळी ‘हेच ते’ म्हणत घरी न्यायची, आणि महिन्याभरात तेच पेडल पुन्हा अदलाबदलीच्या टेबलावर. बायकोने विचारणंच सोडून दिलं होतं.

आजची गोष्ट मात्र वेगळी होती. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये रविवारचा अदलाबदलीचा बाजार भरला होता, आणि जिनेट हर्स्टहून साडेपाच तास बर्फातून गाडी हाकत ही करड्या पत्र्याची डबी घेऊन आली होती. बनवणारा म्हातारा वारला. उभ्या आयुष्यात त्याने चाळीसच डब्या केल्या, आणि कुणी नक्कल करू नये म्हणून प्रत्येकीच्या पोटात काळा गोंद ओतून ठेवला. आत काय आहे, देव जाणे! ऑर्विलने ती हलवून पाहिली, कानाला लावली, हुंगलीसुद्धा.

“चाटूनही बघ ना,” तोइवो म्हणाला. तो ऑर्विलच्या बँडमधला ड्रमवाला. एका हातात गुलाबी साखर थापलेला पर्शियन नावाचा गोड पाव, दुसऱ्यात कॉफी. “एवढं काय असणारे तिच्यात?”

“तेच तर कळत नाहीये ना!”

“आणि त्यासाठी ही गिटार देणार? ही? डोकं ठिकाणावर आहे का तुझं लेका?”

ऑर्विल गळ्यातल्या गिटारीचा पट्टा सारखा करत राहिला. जिनेटने आधीच कळवलं होतं, पैसे नकोत, दुसरं पेडल नको, डबी हवी तर तुमची ती जुनी बेस गिटार द्या. एकोणिसाव्या वर्षी धान्याच्या कोठारात उन्हाळाभर धुळीत राबून त्याने ती घेतली होती. जिनेटचा निरोप आल्यापासून आठवडाभर त्याला अन्न गोड लागलं नव्हतं. पण डोक्यात एक आवाज होता, गोल, उबदार, तळाशी किंचित गुरगुरणारा. साठ पेडलं झाली, तो काही सापडला नव्हता. आता या डबीत नसला तर कुठेच नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. गिटार काय, दुसरी घेता येईल.

या बाजाराची एक रीत आहे. हात मिळवण्याआधी डोळे मिटून ऐकायचं. डोळे उघडे असले की माणूस आवाज ऐकत नाही, वस्तूची कीर्ती ऐकतो. आणि एकदा हात मिळवला, की मग कुरकुर चालायची नाही.

ऑर्विलने डोळे मिटले. पायाने डबीचा खटका दाबला आणि वाजवू लागला. पुन्हा दाबला, पुन्हा वाजवलं. जुनी डबी, तिच्यावर दिवा नाही. बंद असली की गिटारीचा आवाज तिच्यातून तसाच पार होतो; चालू की बंद, ते कानानेच ओळखायचं.

“ही आत्ता बंद आहे,” तो म्हणाला. “आवाज कसा, सर्दी झाल्यासारखा.” त्याने खटका दाबला. “आणि ही चालू! अरे देवा! तोइवो, ऐकतोयस ना?”

तोइवोचं चावणं थांबलं होतं. जिनेट खटक्याकडे बघत पुढे सरकली. तिची नजर गिटारीवर गेली. मग ती हलकेच खाली वाकली आणि तिने डबीची विजेची वायर उपसून काढली.

गिटार वाजतच राहिली. तस्साच आवाज.

“हाच तो!” ऑर्विल ओरडलाच. “छत्तीस वर्षं शोधतोय मी हा! आणा बाई, हात आणा. गिटार तुमची.”

मिटल्या डोळ्यांनीच त्याने हात पुढे केला. जिनेटचाही हात निघाला, अर्ध्यावर थबकला. मग तिने ती वायर त्याच्या तळहातावर ठेवली.

ऑर्विलने डोळे उघडले. “हे काय?”

“डबीची वायर. काढलीये मी. डबी चालू असती तर आवाज तिथल्या तिथे मेला असता. तुम्ही नेमकं उलट ओळखलंत. सर्दी झालेला म्हणालात ना, तो हिचा आवाज.”

तोइवोला हसू फुटलं, पण मित्राचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. ऑर्विलने पुन्हा एक तार छेडली. तोच आवाज, गोल आणि उबदार. त्याने मेलेल्या डबीकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं, टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं.

“मग हा येतोय कुठून?”

जिनेटने डबी उचलून पिशवीत टाकली.

“गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या लग्नात तुमच्या सगळ्या पेडलांची वीज गेली होती. तुम्ही रात्रभर चरफडत नुसती गिटार वाजवलीत,” ती म्हणाली. “तो आवाज न्यायला तर मी आले होते.”