सुईणबाईंचे भरीव टायर

सुईणबाई सायकलवरून उतरल्या खऱ्या, पण सरळ काही झाल्या नाहीत. कमरेत वाकलेल्या, एक हात हँडलवर, दुसरा पाठीवर. दारात वाट बघणारी सासू म्हणाली, "अहो, चला ना आत. सुनेच्या कळा वाढल्यात."

"येते," सुईणबाई जमिनीशी बोलल्या. "पण मला धरून न्या."

हात त्यांचा चांगला होता, नाव मात्र उशिरासाठी झालं होतं. रस्त्यात कुठे खिळा, कुठे काच, पंक्चर ठरलेलं. मागच्या खेपेला सायकल ढकलत पोचल्या, तर बाळ आंघोळ करून झोपलेलंसुद्धा. ते मनाला फार लागलं. मग नवऱ्याने हौसेने भरीव रबराचे टायर बसवून दिले. ट्यूब नाही, हवा नाही, पंप नाही.

"आता खिळ्यांवरून जा खुशाल," तो म्हणाला.

खिळ्यांवरून त्या खुशाल गेल्या. पण एकेक खडा आता थेट मणक्यात शिरत होता, आणि या घराचा रस्ता सगळा खडीचा.

खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर सून कळा देत होती. दुसरीवर सासूने सुईणबाईंना ठेवलं, तशाच, वाकलेल्या.

"आता हो?" सासू म्हणाली. "मला यातलं काही येत नाही."

"हात तुमचे, डोकं माझं. आधी साबणाने स्वच्छ धुवा."

मग खाटेवरून हुकूम सुटू लागले. कळ आली की सून ओरडायची. बघायला मान उचलली की सुईणबाई ओरडायच्या. एकदा दोघी एकदमच "आई गं!" म्हणाल्या. त्या त्रासातही सुनेला हसू फुटलं.

"हसतेस काय? जोर लाव!"

तिने लावला. सासूने हात पुढे केले, आणि त्यांत एक ओलं, गरम, संतापलेलं बाळ आलं. ते रडलं, सून रडली, सासू तर दोघांच्या वरताण. सुईणबाईंनी पडल्या पडल्या पुढचं सगळं नीट करवून घेतलं आणि डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी पहिलं रडणं त्यांना ऐकायला मिळालं होतं. सासूने त्यांच्या अंगावर डोक्यापर्यंत चादर घातली.

सासरे इतका वेळ मागच्या पडवीत पाणी तापवत होते. ते पातेलं घेऊन दारात आले. नातीला बघून त्यांचा चेहरा फुलला. तेवढ्यात दुसऱ्या खाटेवरची चादर कण्हली. सासऱ्यांच्या हातातलं पातेलं हिंदकळलं.

"अगं, या बाईंनाही कळा सुरू झाल्यात," ते घाबरून बायकोला म्हणाले, "आणि सुईणीचा अजून पत्ता नाही!"